हंसाच्या तोंडात आलेली नावं

"मी भाविनी कधी म्हटलं? सांग ना, कधी म्हटलं?"

"तू म्हटलं नाहीस, आये. मी बनवलं."

"बनवलं म्हंजे? नाव हाय का नानकटाई?"

"तुझ्या रेकॉर्डिंगमधून 'भात वाढा गो' मधला भा उचलला. 'विहीणबाई' मधला वि. 'पाणी' मधला णी. तिन्ही जोडले, झाली भाविनी."

"भाविणी झाली ती!"

"थोडा ण येतो. ढोलाचा बेस वाढवला की झाकला जाईल."

"माज्या भावाच्या पोरीचं नाव तू बेसखाली झाकनार?"

हंसाच्या दोन्ही हातांत एकेक ओला बोंबील होता म्हणून, नाहीतर एक हात दिपेशच्या कानाखाली गेलाच असता. डहाणूच्या खाडीकडच्या वाळूवर ती सकाळपासून बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची. एक शेपूट अलीकडे, एक पलीकडे, तोंडात तोंड अडकलेलं. कडकडीत वाळेपर्यंत कोणी कोणाला सोडत नाही. हंसाचं आणि तिच्या पोराचं वर्षभर जे चाललं होतं त्यालाही शेजारच्या बायका बोंबलाची जोडीच म्हणत.

"आनि जयश्रीला गानं वाजवायची अक्कल कोनी दिली? हळद माज्या भावाच्या घरची. नवरीची आत्या मी. गानार मी."

दिपेशने डोक्यावरची टोपी उलटी फिरवली. खरं बोलायची पाळी आली की तो टोपी उलटी करायचा.

"मामीनेच ऑर्डर दिलीय. भाविनी आणि जतीन, दोन्ही नावं टाकून. ती म्हणाली, वन्सना बसू दे पुढच्या खुर्चीवर आरामात. आवाज तर त्यांचाच आहे ना."

हंसाच्या हातातली जोडी सुटून वाळूत पडली. असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

हंसा ही धवलारीण. म्हणजे लग्नात मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत ज्या ज्या विधीला जे जे गाणं लागतं ते सांगणारी बाई. हळद कुटायला एक, पाणी आणायला दुसरं, नवऱ्याची आई रुसली तर तिसरं, आणि ती उगाचच रुसली असेल तर तिला टोमणे मारणारं चौथं. तिची आई बायजा धवलारीण होती. एका लग्नात बायजाचा घसा ऐन हळदीत बसला, तेव्हा मागे बसून पापड खाणाऱ्या हंसाला तिने कोपराने ढोसलं आणि हंसाने तोंडातला पापड गिळून पुढची ओळ उचलली. तेव्हापासून ती उचलतेच आहे. एरवी तलासरीच्या बाजारात सुके बोंबील विकणारी, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारी, "घेयाचं तर घे, नायतर वास घेऊन जा, वास फुकट हाय" म्हणणारी हंसा पाटावर बसली की वेगळीच दिसे. भटजी उशिरा आला तर लोक चहा पीत. हंसा उशिरा आली तर हळद थांबे.

आणि आता सख्ख्या भावाच्या घरी तिला पुढची खुर्ची. एकदा हे झालं की किनाऱ्यावरचं कुठलं घर तिला बोलावणार होतं? सगळे म्हणणार, हंसाच्या भावालाच लागली नाही हंसा.

या सगळ्याचं मूळ होतं एमसी बोंबील. म्हणजे दिपेशच.

पोरगा आधी बरा होता. एका कारखान्यात कामाला जायचा आणि परत आला की जेवून झोपायचा. मग एके दिवशी त्याने फोनवर एक गाणं टाकलं. गाणं कसलं, हंसाच्या मते ते ताल धरून केलेलं भांडण होतं.

चिकू देतो मोजून शेठ, बोंबील मागतो फुकट,
तुज्या वाडीला कुंपन शेठ, दर्याला नाय फाटक!

हे हंसाचंच बाजारातलं वाक्य होतं, फक्त तिने ते एका वाडीवाल्याला एकदाच सुनावलं होतं आणि पोराने ते अख्ख्या जिल्ह्याला सुनावलं. पोरं नाचली. चिखल्याचे महादेवशेठ मात्र खवळले. त्यांची चिकूची मोठी वाडी, मासळीशिवाय घास उतरत नाही, आणि घासाघीस केल्याशिवाय मासळी उतरत नाही. गाण्यात नाव कोणाचंच नव्हतं. पण महादेवशेठ स्वतःच ग्रामपंचायतीत उभे राहून म्हणाले, "हा मी आहे!" त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

मग वाढवणच्या बंदराविरुद्धच्या सभेत दिपेशने "दर्या माजा बाप" म्हणून गाणं केलं. बायका रडल्या, म्हाताऱ्यांनी त्याच्या गालाला हात लावला. त्याच आठवड्यात बंदराच्या कामाला क्रेन भाड्याने देणाऱ्या एका माणसाच्या दुकानाची फीत कापायला तो गेला आणि फोटोही काढून घेतला.

"तुज्या पोरानं बाप इकला गो," असं हंसाला बाजारात लोक ऐकवायला लागले.

"क्रेन कशाला वापरायची ते मी सांगितलं का त्याला?" दिपेश म्हणाला. "माणसाने नारळ दिला, मी फोडला."

शिव्या जेवढ्या वाढल्या तेवढे टी-शर्ट खपले. टी-शर्टवर गॉगल घातलेला बोंबील. मग सुक्या बोंबलाची पाकिटं, त्यावरही तोच बोंबील. बोंबील हंसाने वाळवलेले आणि गॉगल दिपेशचा. हंसा म्हणे, "माज्या बोंबलाला उन्हात कधी गॉगल लागला नाय."

आणि ऋचा? ती महादेवशेठची लेक. वापीत व्हिडिओचं काहीतरी शिकून आली होती. चिकूचं गाणं काढून टाक, बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय, असं भांडायला ती स्कूटीवरून खाडीपाशी आली. गाणं पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाली, "शब्द नालायक आहेत. पण त्याहून नालायक मिक्सिंग आहे." संध्याकाळपर्यंत तिने ते स्वतःच नीट करून दिलं. भांडायला आलेली मुलगी मॅनेजर होऊन घरी गेली. घरी तिने सांगितलं, मी बोंबलाच्या पाकिटांचं मार्केटिंग बघते. महादेवशेठ म्हणाले, पाकीट येऊ दे घरी, फुकट. ऋचाने त्यांच्याकडून पूर्ण भाव घेतला. हंसाला पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. दुसऱ्यांदा आवडली ती भाकरी आणि कोलीम, म्हणजे बारीक जवळा, समोर आल्यावर, जेव्हा तिने चमचा मागितला नाही.

त्यानंतर ते रेकॉर्डिंग झालं.

जाळी ठेवायच्या खोलीत दिपेशने स्टुडिओ केला होता. भिंतींना जुनी जाळी, त्यांवर गोधड्या, आवाज घुमू नये म्हणून. आत मासळीचा वास, गोधडीचा वास आणि दिपेशच्या सेंटचा वास. हंसा पाटावर बसली. समोर डावीकडे हेडफोन लावलेला दिपेश, उजवीकडे माईक धरून ऋचा.

"आये, हळदीचं म्हण. फक्त नमुना. नावबीव नको घेऊस, रिकामं सोड."

"रिकामं कसं सोडू?"

"तिथे गप्प बस."

"मदीच?"

"हो, मधेच."

हंसाने डोळे मिटले आणि सूर लावला.

पिवळी झाली वाळू गो, पिवळी झाली होडी,
कोनाच्या नावाची गो ही हळदीची जोडी?

इथे गप्प बसायचं होतं. पण आयुष्यात ती या जागी कधी गप्प बसली नव्हती. या गाण्यात नाव रिकामं राहत नाही. घास तोंडापाशी आला की जीभ जशी आपोआप पुढे होते तसं ते. तिने डोळे उघडले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तोंडातून धडधडीत निघालं,

दिपेश नवरा गो, ऋचा त्याची नवरी…

लगेच तोंडावर हात. "अगो बाय माजे! काढ ते, काढ!"

"काढतो," दिपेश म्हणाला. कान लाल.

"मी काढते," ऋचा म्हणाली. माईक धरलेला हात जागचा हलला नाही.

कोणीच काढलं नाही. आठवड्याने गाणं बाहेर पडलं. आधी हंसाचा आवाज, मग धाडकन ढोल, मग दिपेशचं रॅप, आणि दर कडव्याला पुन्हा, दिपेश नवरा गो. दिपेशने विचारलं तर ऋचा म्हणे, "ते कापलं की ताल तुटतो." हंसाने विचारलं तर दिपेश म्हणे, "एडिटिंग तिच्याकडे आहे." गाणं मात्र पेटलं. डहाणूपासून तलासरीपर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय होईना.

आणि तिथेच घोटाळा झाला. हळद असायची कोणा सोनलची, आणि स्पीकर ओरडायचा, ऋचा त्याची नवरी. गाण्यात ज्याचं नाव येईल त्याला हळद लागलीच पाहिजे, ही इथली रीत. नाव गायलं आणि हळद लागली नाही, तर ती खऱ्या नवरीला बाधते, असं बायजा सांगत आली होती, आणि बायजाला उलट बोलेल असा माणूस किनाऱ्यावर जन्मलेला नव्हता. उधव्याच्या एका हळदीत तर नवऱ्याची आजी हातातली वाटी आपटून म्हणाली, "आमच्या घरचा तांदूळ, आमचा मांडव, आनि लगीन कोना दिपेशचं लागतंय?" व्हिडिओ निघाला, खाली शिव्यांचा पाऊस. कोणी म्हणालं रीत बुडवली, कोणी म्हणालं वाडीवाल्याची पोर पळवायचा हा धंदा आहे. महादेवशेठनी घरातल्या टीव्हीवरसुद्धा गाणी बंद केली.

दुसरा कोणी असता तर लपून बसला असता. दिपेशने जाहिरात टाकली. 'तुमच्या हळदीला तुमचीच नावं! खऱ्या धवलारणीच्या आवाजात!' खऱ्या धवलारणीला हे बाजारात गिऱ्हाइकाकडून कळलं.

"दिवसभर बस आणि जिल्ह्यातली सगळी नावं म्हणून टाक, आये. अ पासून."

"हळद कुठं हाय?"

"हळद कशाला? नावं पाहिजेत."

"हळदीबिगर नाव घेतलं एकदा, त्याचं काय झालं ते बघतीस ना? बघतोस ना?" रागाने तिच्या बोलण्यातलं लिंगही चुकलं. "आता घेनार नाय."

म्हणून मग भातातला भा आणि पाण्यातला णी.

भाविनीच्या हळदीच्या दिवशी हंसा चिखल्याला गेली ती नवरीची आत्या म्हणून. जरीचं लुगडं, अंबाड्यात अबोली आणि तोंडाला कुलूप. भावाच्या अंगणात मांडव, मांडवाच्या कोपऱ्यात माणसाएवढे स्पीकर आणि त्यांच्यामागे लॅपटॉपवर वाकलेले दिपेश आणि ऋचा. जयश्रीने तिला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. लाल प्लास्टिकची, मागे साटीनचा बो बांधलेली.

"वन्स, आज अगदी पाहुण्या तुम्ही. सरबत?"

"घसा गोड करून काय करू? वापरायचा तर नाय."

"असं काय बोलता! आवाज तर तुमचाच…"

"हां. आवाज माजा, बसायला तेवढं मला बोलावलंस."

जयश्री हसली आणि सटकली. शेजारच्या खुर्चीत पांढरा स्वच्छ सदरा घालून महादेवशेठ बसले होते. गावकीचं आमंत्रण, टाळता येत नाही. ते आपल्या लेकीकडे बघत नव्हते, म्हणजे दर मिनिटाला बघत होते. हंसाला बघून त्यांनी मान वळवली. हंसानेही वळवली. पदर मात्र वळला नाही, तो त्यांच्या सरबतात बुडाला.

भाविनी पाटावर बसली. म्हाताऱ्या बायजाला दोघींनी धरून आणलं आणि हळदीची वाटी तिच्या हातात दिली. बायका गोळा झाल्या. दिपेशने बटण दाबलं.

पिवळी झाली वाळू गो… मांडवभर हंसाचा आवाज.  आपण खुर्चीत आणि आपला गळा स्पीकरमध्ये, असं तिला मेल्यासारखं वाटलं.

कोनाच्या नावाची गो ही हळदीची जोडी?

"भा!" स्पीकर म्हणाला. "वि! णी!"

बायजाचा हात हवेत थांबला. "हे कोनाला उचकी लागली?"

"भा! वि! णी! नवरी," स्पीकर पुन्हा म्हणाला. भातातला भा जेवायला बोलावणारा, वि विहिणीवर खेकसणारा आणि णी तहानलेला. भाविनी हसावं की रडावं अशा तोंडाने आत्याकडे बघायला लागली.

"पानी द्या तिला!" बायजा ओरडली. "हंसा, तुला काय होतंय? कुठं हाय तू?"

"मी हितं हाय आये. मी गप्प हाय."

"मग गातंय कोन?"

 दिपेश कीबोर्डवर बोटं आपटू लागला. "बदल, बदल," तो ऋचाला म्हणाला, ऋचा म्हणाली, "तू सर बाजूला," दोघांचे चार हात एका लॅपटॉपवर पडले आणि घाईत लागलं ते मूळ गाणं. स्वच्छ, खणखणीत, एकही उचकी नसलेलं.

दिपेश नवरा गो, ऋचा त्याची नवरी!

 दिपेशने वायरच उपटली, पण नाव निघून गेलं होतं.

बायजाने वाटी खाली ठेवली नाही. ती हळूहळू उठली, दोघींचा आधार घेतला आणि स्पीकरच्या दिशेने चालू लागली.

"आजी, ते चुकून… टेक्निकल…"

"गप. माज्या नातीच्या हळदीत नाव आलंय तुमचं. तुमची हळद तुमी घेऊन टाका, माज्या पोरीवर ठेवू नका. वाक."

दिपेश वाकला. एमसी बोंबीलचे दोन्ही गाल, कान आणि टोपीची कड पिवळी झाली. मग बायजा ऋचाकडे वळली. ऋचा पळाली नाही. चष्मा काढून हातात धरला आणि गाल पुढे केला. बायकांना तेवढंच पाहिजे होतं. "लावा गो लावा!" करत सगळ्या तुटून पडल्या. मध्ये उभं राहून "अहो थांबा, ही माझी मुलगी आहे" म्हणणाऱ्या महादेवशेठच्या सदऱ्यावर दहा बोटं उमटली. समोरची पोरं फोन उंच धरून सगळं टिपत होती. हे आता रात्रीच्या आत बोर्डीपर्यंत जाणार, हे हंसाला कळलं. दिपेशलाही कळलं असावं, कारण हळदीखाली तो हसत होता.

आपल्याभोवती कोणीच उरलं नाही तसं भाविनीच पाटावरून ओरडली, "आत्या, माझं काय?"

जयश्री खुर्चीपाशी आली. ओठ चावत उभी राहिली.

"वन्स…"

"सरबत नको."

"वन्स, पाट मांडलाय तुमचा."

"पाहुनी हाय मी आज. साटीनच्या खुर्चीवाली."

"चुकलं माझं. चार बायका म्हणाल्या, आता असंच करतात, आणि मला वाटलं तुमचाही त्रास वाचेल. उठा ना. मुलगी हळदीविना पाटावर बसलीय."

हंसाने सावकाश अबोली चाचपली, सावकाश लुगडं झटकलं आणि मांडवातल्या प्रत्येकाने बघितलं आहे याची खात्री झाल्यावर उठली. पाटावर बसली. भाविनीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्पीकरशिवाय सूर लावला. गल्लीत उभी असलेली पोरंसुद्धा आत आली. नाव घ्यायची जागा आली, तेव्हा सगळ्या बायकांनी मिळून श्वास धरला.

भाविनी नवरी गो, जतीन तिचा नवरा…

नाव अख्खं, एका दमात, हळदीसकट. कोपऱ्यात पिवळ्या टोपीचा एमसी मान हलवून ताल धरत होता. लॅपटॉप त्याने मिटून ठेवला होता. एका कडव्याला तर हंसाने नवऱ्याच्या आत्याला असा टोमणा मारला की ती आत्या पदर तोंडाला लावून हसली. कुठल्या मशीनला जमलं असतं ते?

गाणी संपली, ताटं लागायला लागली. तीन बायकांनी तिथल्या तिथे हंसाला आपापल्या घरच्या लग्नांचं सांगून ठेवलं. हंसा हात धुवून चपला शोधत होती तेव्हा सदऱ्यावर दहा बोटं घेऊन महादेवशेठ समोर आले. मागे दिपेश, मागे ऋचा, आणि जेवणाची ताटं हातात धरून थांबलेलं निम्मं चिखले.

"ऋचा," महादेवशेठ म्हणाले, "गाणं कापायचं काम तुझं होतं ना? मग ते नाव तू का कापलं नाहीस?"

"बाबा, ताल तुटला असता."

"कापून बघितलंस?"

ऋचाने चष्मा पुसला. चष्मा आधीच स्वच्छ होता. मग महादेवशेठ हंसाकडे वळले. आवाज खाली आणला, तरी ताटं धरून थांबलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"हंसाबाय, तुमचं माझं बोंबलावरून वाकडं आहे. असू दे. पण खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या तोंडात यांची नावं चुकून आली, की तुम्ही घेतलीत?"

"आये, सांग ना," दिपेश म्हणाला. त्याने टोपी उलटी केली होती, जणू काही खरं त्यालाच बोलायचं होतं.

हंसाने एक चप्पल पायात सरकवली. दुसरी खुर्चीखाली सापडली, तीही सरकवली. ऋचाच्या गालावर वाळून तडकलेल्या हळदीकडे तिने एकवार नीट पाहिलं, बाजारात गिऱ्हाइकाला सुटे पैसे देण्याआधी बघते तसं. मग पदर खोचला, बायजाच्या पाया पडली आणि मांडवाच्या बाहेर पडून खाडीच्या रस्त्याला लागली. तिथून, मांडवात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तिने सूर लावला, दिपेश नवरा गो, ऋचा त्याची नवरी…